गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागत नाही

यवतमाळ, गडचिरोली आणि मेळघाटातल्या गावांमध्ये गर्भपात हा गुन्हा आहे आणि करायचाच झाला तर नवऱ्याची सही लागते, असे आजही ठामपणे सांगितले जाते. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. दवाखान्याच्या भिंतीवर ‘गर्भलिंग निदान हा गुन्हा आहे’ अशी पाटी असते. ती १९९४ च्या वेगळ्या कायद्याविषयी आहे, आणि गोंधळ बहुधा तिथूनच सुरू होतो. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यानुसार आता ठरावीक कारणांसाठी, मान्यताप्राप्त केंद्रात, २० आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बलात्कारपीडित, अल्पवयीन, गर्भारपणात विधवा झालेली अशा काही स्त्रियांसाठी, दोन डॉक्टरांच्या मताने, ही मुदत २४ आठवडे आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरते. पालकाची संमती अल्पवयीन किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठीच लागते.

गर्भ हाही जीवच, असे मनापासून मानणाऱ्यांचा मान राखला पाहिजे, आणि कोणत्याही सज्ञान स्त्रीवर गर्भपात लादता येत नाही, हेही याच कायद्यात आहे. मात्र ऊसतोडीला गेलेल्या नवऱ्याच्या सहीची वाट पाहण्यात आठवडे गेले, की बाई घाबरून गावातच काहीतरी उपाय करते, आणि जंतुसंसर्ग व रक्तस्रावाने तिचा जीव धोक्यात येतो. गर्भपाताने मन कायमचे खचते, असेही म्हणतात. अमेरिकेत सुमारे हजार स्त्रियांचा पाच वर्षे मागोवा घेतलेल्या अभ्यासात तसे आढळले नाही, उलट गर्भपात नाकारलेल्या स्त्रियांमध्ये सुरुवातीला चिंता अधिक होती. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे.