तेलानं त्वचा ओली होत नाही

डिसेंबर लागला की कोल्हापुरात अंग उलायला लागतं. नडगीवर नखानं रेघ ओढली की पांढरी उमटते, टाचा फुटतात, आणि घरोघरी एकच उपाय सांगितला जातो: तेल चोळा. पण नुसत्या तेलानं कोरडी कातडी मऊ होते, ही समजूत १९५२ सालीच खोटी ठरली आहे. अमेरिकी संशोधक अर्विन ब्लँक यांनी सुकलेल्या जाड कातडीचे तुकडे तेलात आणि लॅनोलिनमध्ये, म्हणजे मेंढीच्या लोकरीतल्या मेदात, बुडवून ठेवले, तरी ते कडकच राहिले. पाणी मिळालं तेव्हा कुठे मऊ पडले. वरच्या थरातलं पाणी साधारण १० टक्क्यांखाली गेलं की तो ठिसूळ होतो, मग त्यावर कितीही तेल ओता.

थंडीला दोष देतानाही घाई होते. आपल्याकडे जानेवारीतही दुपारी पारा तिशीच्या आसपास असतो. पहाटे १५ अंशांची, बाष्पानं पूर्ण भरलेली हवा घनमीटरला सुमारे १३ ग्रॅम बाष्प धरते. तीच हवा दुपारी ३० अंशांवर गेली की तिची क्षमता ३० ग्रॅमची होते, बाष्प मात्र वाढत नाही. सापेक्ष आर्द्रता ४० टक्क्यांवर येते आणि हवा मिळेल तिथून पाणी ओढते. म्हणून त्वचा सगळ्यांत जास्त वाळते ती दुपारी, उन्हात काम करताना. ऊसतोडीच्या फडात हात चिरतात त्यामागे पाचटाबरोबर या हवेचाही वाटा असतो.

आता अंगावरून कोंडा का पडतो ते पाहू. त्वचेच्या सर्वांत वरच्या शृंगी थरात मृत पेशींचे १५ ते २० पदर असतात, आणि सगळे मिळून त्यांची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी भरते. पेशींच्या मधे सेरामाइड (त्वचेतला एक मेद), कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांचे थर पाणी अडवून धरतात. शेजारच्या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या टाचण्यांनी जोडलेल्या असतात. जुनी पेशी गळायची तर या टाचण्या कापाव्या लागतात, आणि ते काम पेशींच्या मधल्या जागेतले एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, करतात. सगळं सुरळीत असताना पेशी एकेक करून सुटतात, डोळ्यांना दिसतही नाहीत. पण हे एन्झाइम पाण्याशिवाय चालत नाहीत. वरचा पदर वाळला की टाचण्या तशाच राहतात. खालून नव्या पेशी येतच असतात, त्यामुळे थर जाड आणि ताठ होत जातो, हालचालीनं चिरतो आणि शेकडो पेशींचा पापुद्रा एकदम निघतो. त्वचा ‘निघतेय’ असं आपल्याला वाटतं तेव्हा खरं तर तिचं सुटणं अडलेलं असतं.

पेच इथेच संपत नाही. पेशीच्या आत पाणी धरून ठेवणारी अमिनो आम्लं फिलाग्रिन हे प्रथिन तुटून तयार होतात. ते तोडणारे एन्झाइम फार ओल्या पदरात काम सुरू करत नाहीत आणि फार वाळलेल्या पदरात थांबतात. म्हणजे कोरडेपणामुळे पाणी धरणारा मालच कमी बनतो आणि कोरडेपणा आणखी वाढतो. त्यात बंबातलं कढत पाणी आणि साबण ही अमिनो आम्लं धुऊन नेतात. साबणाचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ९ ते १०, त्वचेचा ५ च्या आसपास. सेरामाइड बनवणाऱ्या एन्झाइमना आम्लता लागते, तिथेही घोटाळा होतो. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा न विरघळणारा साका अंगावर राहतो, तो वेगळाच.

म्हणून आधी पाणी द्यायचं आणि लगेच ते कोंडायचं. कोमट पाण्यानं पाच ते दहा मिनिटांत आंघोळ उरका. साबण काख, जांघ आणि पावलांपुरता पुरे. टॉवेलनं घासू नका, टिपा, आणि अंग दमट असतानाच तीन मिनिटांच्या आत मलम लावा. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली पट्टी म्हणजे अर्धा ग्रॅम. एका हाताला अशा तीन, एका पायाला सहा आणि पावलाला दोन लागतात. बरेच जण याच्या निम्मंही लावत नाहीत आणि मग मलमाला नावं ठेवतात. पेट्रोलियम जेली पाण्याचं उडणं जवळजवळ पूर्ण थांबवते. दुसरं कुठलंही तेल तिच्या जवळपास येत नाही. ग्लिसरीन पाणी धरतं, पण निव्वळ लावलं तर चुरचुरतं. एक भाग ग्लिसरीन आणि चार भाग पाणी असं रोज ताजं कालवा, आणि त्यावर जेलीचा पातळ हात फिरवा. तेलच हवं असेल तर शेंगतेलापेक्षा करडईचं बरं: शेंगतेलात आणि ऑलिव्ह तेलात भरपूर असलेलं ओलेइक आम्ल मेदाच्या थरांची रचना विस्कटतं. कोलॅजेनच्या महागड्या क्रीमवर पैसे घालू नका. कोलॅजेनचा रेणू इतका मोठा असतो की तो हा थर ओलांडतच नाही.

मुलांच्या गालांवरचे फिकट, खरखरीत डाग पाहून जंताचं औषध पाजतात किंवा कॅल्शियम सुरू करतात. त्या डागांचा जंतांशी संबंध नाही. तो कोरडेपणाबरोबर येणारा सौम्य इसब आहे. मलम नेमानं लावा. रंग परतायला काही महिने लागतात.

टाचांना तेलग्रंथीच नसतात आणि थर तिथे कितीतरी पट जाड असतो. रात्री दहा-पंधरा मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवा, मीठ नको. वज्री हलक्या हातानं फिरवा. रक्त येईपर्यंत घासलं तर त्वचा उलट आणखी जाड होते. मग औषधाच्या दुकानातलं २० ते २५ टक्के युरियाचं मलम लावा, वर सुती मोजे घाला. उघड्या भेगेत युरिया झोंबतो. तिथे आधी जेली किंवा कोकमाचं तेल भरा, ते अंगाच्या उबेजवळच वितळत असल्यानं जागेवर टिकतं. मधुमेह असेल तर ब्लेड, वज्री काहीच न वापरता डॉक्टरांना पाय दाखवा. शृंगी थर बदलायला सुमारे दोन आठवडे लागतात, तेवढा वेळ रोज लावूनच फरक ठरवा. आणि तेल-जेली मुरलेले कपडे घालून शेकोटीजवळ बसू नका, ते साध्या कापडापेक्षा लवकर पेटतात.