एपीआयपूर्वी आणि एपीआयनंतर : विद्यापीठातील अध्यापकाच्या कामाचे मोजमाप

विद्यापीठाच्या विभागात आज सहायक प्राध्यापक म्हणून रुजू होणारी व्यक्ती पहिल्या सत्रातच एक फाइल उघडते. नेमणुकीचे पत्र आणि वेळापत्रक त्या फाइलीत असतेच. पुढे चर्चासत्रांची प्रमाणपत्रे, समित्यांवर काम केल्याची विभागप्रमुखांच्या सहीची पत्रे आणि प्रत्येक शोधनिबंधासाठी अंकाचे मुखपृष्ठ, अनुक्रमणिका व लेखाचे पहिले पान यांच्या छायाप्रती तिच्यात वर्षानुवर्षे साठत जातात. कॅसखाली (करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे टप्प्याटप्प्याने पदोन्नती देणारी योजना) पदोन्नतीची तारीख जवळ आली, की या कागदांवरच बरेच काही ठरते. नामांकित विद्यापीठातील नोकरीला आज जे रूप आले आहे, ते समजून घ्यायचे तर ही फाइल कशी जन्माला आली, आणि अध्यापकाच्या कामाला गुण देणारा एपीआय, म्हणजे शैक्षणिक कामगिरी निर्देशांक, कुठून आला, हे पाहावे लागते.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडनच्या धर्तीवर, मुख्यतः परीक्षा घेण्यासाठी आणि पदव्या देण्यासाठी. शिकवण्याचे काम महाविद्यालयांचे होते. अर्थशास्त्र व समाजशास्त्राचा पदव्युत्तर विभाग तेथे १९१९ साली सुरू झाला. पुणे विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ रोजी अस्तित्वात आले आणि गणेशखिंडीत वसले. त्यानंतरची काही दशके विभागांतील पदे मोजकी होती, प्राध्यापकाचे पद रिकामे झाल्याशिवाय वर सरकता येत नसे, आणि चांगले अध्यापकही दीर्घकाळ अधिव्याख्याता राहत. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र अध्यापकाचे नाव त्याच्या ग्रंथांवर आणि विद्यार्थ्यांवर होत असे, गुणांच्या बेरजेवर नव्हे, एवढे नोंदवले पाहिजे.

पदोन्नती रिक्त पदापासून सुटी झाली ती १९८७ च्या देशव्यापी संपाच्या सुमारास. नव्या वेतनश्रेणीसोबत आलेल्या योजनेत आठ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ श्रेणी आणि पुढे आणखी आठ वर्षांनी निवडश्रेणी मिळू लागली. १९९८ च्या सुधारणेने पीएच.डी. आणि एम.फिल. असलेल्यांसाठी पहिला टप्पा आणखी कमी केला. अट होती ती सेवाकाळ, उद्बोधन व उजळणी वर्ग आणि समाधानकारक कामाची. या व्यवस्थेवरील आक्षेप दोन होते. केवळ वर्षे भरली म्हणून पदोन्नती मिळते, हा पहिला. आणि मुलाखतीच्या टप्प्यावर निवड समितीची मर्जी चालते, हा दुसरा. दोन्ही आक्षेपांत तथ्य होते.

सहाव्या वेतन आयोगाने विद्यापीठीय अध्यापकांचे पगार भरघोस वाढवले, आणि त्याच्या मागोमाग विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) ३० जून २०१० च्या विनियमांनी एपीआय आणले. वाढीव पगाराच्या बदल्यात उत्तरदायित्व हवे, आणि ते मर्जीवर न सोडता आकड्यांत दिसावे, हा त्यामागचा विचार. कामाचे तीन गट पाडले गेले : अध्यापन, सहशालेय व प्रशासकीय कामे, आणि संशोधन. पहिल्या गटात वर्षाला कमाल १२५ पैकी किमान ७५ गुण, दुसऱ्यात ५० पैकी किमान १५. तिसऱ्या गटात प्रत्येक प्रकाशनाला भाव ठरवून दिला गेला. तज्ज्ञांकडून निबंध तपासून घेणाऱ्या (रेफरीड) नियतकालिकातील शोधनिबंधाला १५, आंतरराष्ट्रीय प्रकाशकाकडून आलेल्या ग्रंथाला ५०, राष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथाला २५, स्थानिक प्रकाशकाच्या ग्रंथाला १५. मार्गदर्शनाखाली एका विद्यार्थ्याला पीएच.डी. मिळाली तर १०.

या कोष्टकाने अध्यापनाचे काय केले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. पहिल्या गटाचे गुण बव्हंशी स्वतःच भरलेल्या माहितीवर अवलंबून होते : किती तास घेतले, किती जास्तीचे घेतले, परीक्षेची कामे किती केली. वर्गात जाऊन शिकवणे ऐकण्याची तरतूद नव्हती. त्यामुळे ७५ ची किमान पातळी बहुतेक सर्वांनाच गाठता येई, आणि अध्यापक-अध्यापकांत फरक पडे तो तिसऱ्या गटात. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचे असतात. त्यांपैकी एखाद्या तासासाठी रात्र जागून केलेल्या तयारीला या हिशेबात जागाच नव्हती. एका चर्चासत्रात वाचलेल्या निबंधाला मात्र होती. अध्यापक आळशी झाले म्हणून वर्गाकडे दुर्लक्ष झाले, असे जे सर्रास म्हटले जाते, ते मला अन्यायाचे वाटते. ज्याला भाव दिला, त्याकडे माणसे वळली.

मराठी, इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांवर याचा परिणाम अधिक खोल झाला. महाराष्ट्रातील अध्यापकांनी दिवाळी अंकांत, साहित्यसंस्थांच्या मुखपत्रांत, वैचारिक मासिकांत गंभीर लेखन करण्याची परंपरा जुनी आहे आणि त्या लेखनाला सुजाण वाचक होता. नियतकालिकाला आयएसएसएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय नोंदणी क्रमांक, नसेल तर असा लेख शून्य गुणांचा ठरू लागला. काही नियतकालिकांनी तो क्रमांक घेतला आणि आपला दर्जा राखला. पण त्याच क्रमांकाच्या आधारे पैसे घेऊन काहीही छापणारी नवी नियतकालिकेही उगवली. एकदिवसीय चर्चासत्राच्या सकाळी नोंदणी शुल्काबरोबर निबंधाचे शुल्क भरायचे आणि दुपारी प्रमाणपत्रासोबत जाडजूड विशेषांक हाती घ्यायचा, ही पद्धत महाविद्यालयांतून रुळली. त्या विशेषांकांतील निबंध तपासायला कोणालाही वेळ मिळालेला नसे.

दुरुस्त्या होत गेल्या. २०१३ मध्ये तिसऱ्या गटातील एकाच प्रकारच्या कामावर गुण गोळा करण्यास मर्यादा घातली गेली. मे २०१६ च्या दुरुस्तीने तासांचा भार वाढवला, तेव्हा देशभर निदर्शने झाली आणि दोनच महिन्यांत ती वाढ मागे घ्यावी लागली. २०१७ मध्ये मान्य नियतकालिकांची भलीमोठी यादी जाहीर झाली. पुण्यातील संशोधकांच्या एका गटाने त्या यादीतील, विद्यापीठांनी शिफारस केलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला, आणि पडताळलेल्यांपैकी ८८ टक्के नियतकालिके प्राथमिक निकषांनाही उतरत नसल्याचे २०१८ साली प्रसिद्ध केले. मे २०१८ मध्ये यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळण्यात आली, आणि पुढच्या वर्षी तिची जागा केअर यादीने, म्हणजे यूजीसीच्या मान्य नियतकालिकांच्या नव्या यादीने घेतली, जिचे काम पुण्याच्याच विद्यापीठातून चालले.

जुलै २०१८ च्या विनियमांनी पदोन्नतीसाठीचे एपीआय काढून टाकले आणि अध्यापनाला साधी श्रेणी दिली : नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा अधिक तास घेतले तर चांगले, ७० ते ८० टक्के घेतले तर समाधानकारक. हजेरी मोजली गेली. शिकवणे अजूनही नाही. संशोधनाचे गुणांक मात्र कायम राहिले, थेट भरतीत सहयोगी प्राध्यापकाला ७५ आणि प्राध्यापकाला १२०. मानव्यविद्यांत शोधनिबंधाला १० गुण, आणि राष्ट्रीय प्रकाशकाकडून आलेल्या संपूर्ण ग्रंथालाही १०. ग्रंथाच्या अनुवादाला ८. पाच-सहा वर्षे खपून लिहिलेला ग्रंथ आणि बारा पानांचा निबंध यांना एकाच मापाने तोलणारी ही तरतूद मराठीत लिहिणाऱ्या अभ्यासकाला सर्वाधिक जाचक आहे, आणि तिच्याविरुद्ध जेवढा आवाज उठायला हवा होता तेवढा उठला नाही.

हे सारे कायम पदावरील अध्यापकांचे झाले. विभागांतील निवृत्तीने रिकाम्या झालेल्या जागा वर्षानुवर्षे न भरल्याने तेच तास कंत्राटी आणि सीएचबीवरील (तासिका तत्त्वावरील) सेट-नेटधारक, म्हणजे अध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेले, घेतात. त्यांना पदोन्नती नाही, पण कायम जागेची जाहिरात निघाली की फाइल त्यांनाही जोडावी लागते. सहायक प्राध्यापकाच्या भरतीत अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला २, कमाल १० गुण आहेत. सत्रासत्राने तुटणाऱ्या नेमणुकांतून पूर्ण वर्ष कसे सिद्ध करायचे, हा त्यांचा रोजचा प्रश्न आहे.

जानेवारी २०२५ मध्ये नव्या विनियमांचा मसुदा आला आणि पुढच्याच महिन्यात केअर यादी बंद झाल्याचे जाहीर झाले. मसुद्यात गुणांकाऐवजी नऊ प्रकारची उल्लेखनीय योगदाने सुचवली असून त्यांपैकी चार दाखवावी लागतील. भारतीय भाषांतून केलेले अध्यापन हे त्यांतील एक आहे. मराठीतून उच्च शिक्षण देणाऱ्यांसाठी ही पहिली ठोस दखल म्हणावी लागेल. योगदान उल्लेखनीय आहे की नाही, हे मात्र निवड समिती ठरवणार, आणि समितीच्या मर्जीला आळा घालण्यासाठीच २०१० साली आकडे आणले गेले होते.