आईकडून आलं की वडिलांकडून? ग्रंथींच्या विकारांमागचा जनुकीय इतिहास

1942 साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले डॉक्टर फुलर अल्ब्राइट आणि त्यांचे सहकारी यांनी काही रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. रक्तात कॅल्शियम कमी, फॉस्फरस जास्त, त्यामुळे हातापायांत पेटके, कधी झटके. अंगाने ठेंगणे, चेहरा गोल, तळहाताची काही हाडं आखूड. रक्तातलं कॅल्शियम राखणाऱ्या गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी काम करत नाहीत, असंच कुणीही म्हटलं असतं. पण त्या ग्रंथींचा अर्क टोचूनही फरक पडेना. अल्ब्राइट यांचा निष्कर्ष त्या काळी धाडसाचा होता: संप्रेरकाचा तुटवडा नाहीच, शरीर त्याला दाद देत नाही.

दहा वर्षांनी, 1952 मध्ये, त्यांनी आणखी एक कोडं मांडलं. तशीच ठेवण, तशीच आखूड हाडं, पण कॅल्शियम अगदी व्यवस्थित. पुढे लक्षात आलं की हे दोन्ही प्रकार एकाच कुटुंबात सापडतात. एका भावंडाच्या मुलांना पूर्ण आजार, तर दुसऱ्याच्या मुलांना फक्त हाडांची लक्षणं. दोष एकच असेल, तर हा भेद कसा? याचं उत्तर वंशावळीतच दडलेलं होतं, पण दोष आईकडून आला की वडिलांकडून, हे पाहायचं कुणाला सुचलं नाही. त्यात दोष देण्यासारखं काही नाही. मेंडेलच्या नियमांनुसार जनुक कुणाकडूनही आलं तरी त्याचा परिणाम सारखाच असायला हवा होता.

तो समज मोडला उंदरांनी. 1984 मध्ये अमेरिकेत जेम्स मॅकग्रा आणि दावोर सोल्टर यांनी, तर केंब्रिजमध्ये केनियात जन्मलेल्या अझीम सुरानी यांच्या गटाने नुकत्याच फळलेल्या अंडपेशीतली केंद्रकं, म्हणजे जनुकं असलेले एक आईचं आणि एक पित्याचं असे दोन गोळे, बदलून पाहिली. दोन्ही केंद्रकं आईची ठेवली, तर गर्भ काही काळ बरा वाढे, पण वार खुरटलेली राही. दोन्ही पित्याची ठेवली, तर वारेच्या पेशी फोफावत आणि गर्भ मागे पडे. पिल्लू कुठल्याच प्रयोगात जन्माला आलं नाही. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या हारवेलच्या ब्रूस कॅटनॅक यांनी दाखवलं, की अकराव्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रती आईकडून आलेली पिल्लं लहानखुरी निपजतात आणि पित्याकडून आलेली मोठी. म्हणजे काही जनुकांवर ती कुणाकडून आली याची छाप असते, आणि त्या छापेनुसार दोन प्रतींपैकी एक गप्प बसते. ही छाप प्रामुख्याने डीएनएवर चिकटलेल्या मिथाइल गटांची, म्हणजे छोट्या रासायनिक खुणांची असते. डीएनएची मूळ अक्षरं तीच राहतात.

1991 हे या विषयातलं मोठं वर्ष. आयजीएफ-2 हे गर्भाची वाढ घडवणारं जनुक. ते पित्याकडून बिघडलेलं आलं, तर उंदराचं पिल्लू नेहमीच्या सुमारे 60 टक्के वजनाचंच होई. तोच बिघाड आईकडून आला, तर काहीच फरक पडत नसे. त्याच वर्षी डेनिस बार्लो यांच्या गटाने आयजीएफ-2 ला पकडून त्याचा निचरा करणाऱ्या रिसेप्टरचं (ग्राही प्रथिनाचं) जनुक उलट, फक्त आईच्या बाजूने चालतं असं दाखवलं. उत्क्रांतीचे अभ्यासक डेव्हिड हेग यांनी याचा अर्थ रस्सीखेच म्हणून लावला: पित्याची जनुकं पिल्लासाठी आईच्या शरीरातून जास्तीत जास्त ओढतात आणि आईची जनुकं पुढच्या पिल्लांसाठी राखून ठेवतात. ही मांडणी मला आजही सर्वांत पटणारी वाटते, पण ती सगळीकडे लागू पडत नाही. त्याचं एक उदाहरण पुढे येईल.

आता अल्ब्राइट यांच्या कुटुंबांकडे वळू. 1990 पर्यंत बिघाडाची जागा सापडली होती. जीनास नावाच्या जनुकातून जीएस-अल्फा हे प्रथिन बनतं, आणि पेशीच्या दारावर आलेला संप्रेरकाचा निरोप आत पोचवणं हे त्याचं काम. 1993 मध्ये डेव्हीज आणि ह्यूज या संशोधकांनी तोवर प्रसिद्ध झालेल्या वंशावळी नव्याने तपासल्या. पूर्ण आजार असलेल्यांना दोष आईकडून मिळाला होता, नुसती हाडांची लक्षणं असलेल्यांना वडिलांकडून. कोड्याचं उत्तर दवाखान्यांच्या नोंदींत कधीचं पडून होतं. 1998 मध्ये उंदरांत कारणही दिसलं: मूत्रपिंडाच्या ज्या भागावर पॅराथायरॉइडचं संप्रेरक काम करतं, तिथे पित्याची प्रत गप्प असते. पुढे माणसाच्या थायरॉइड, पीयूषिका (मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी) आणि जननग्रंथींमध्येही आईच्याच प्रतीचं वर्चस्व आढळलं. म्हणून या रुग्णांत थायरॉइडची मंदी आणि वाढीच्या संप्रेरकाची कमतरताही दिसते. हाडांत मात्र दोन्ही प्रती चालतात, त्यामुळे दोष कुणाकडूनही आला तरी हाडं आखूड राहतात.

यातली सर्वांत विलक्षण गोष्ट स्त्रियांच्या बाबतीत घडते. वडिलांकडून दोष मिळालेल्या मुलीचं कॅल्शियम आयुष्यभर ठीक राहू शकतं. पण तिच्या अंडपेशी तयार होताना जुनी छाप पुसली जाते आणि आईची छाप बसते. मग तिच्या ज्या अपत्याला ते बिघडलेलं जनुक मिळेल, त्याला पूर्ण आजार होतो.

याच जनुकाची दुसरी बाजू पीयूषिकेच्या गाठींत दिसते. प्रौढ वयात वाढीचं संप्रेरक अतोनात स्रवून हात, पाय, जबडा मोठे होतात, त्या आजारातल्या अनेक गाठींत जीनास कायमचं चालू राहिलेलं असतं. 2001 मध्ये आढळलं, की हा बदल जवळजवळ नेहमी आईच्या प्रतीवर झालेला असतो. पित्याची प्रत तिथे बहुतांशी बंदच, त्यामुळे तिच्यातल्या बदलाचा पेशीवर फारसा परिणाम होत नाही.

स्तनग्रंथीची गोष्ट रस्सीखेचीच्या चौकटीत सहज बसत नाही. जीआरबी-10 हे जनुक बहुतेक अवयवांत आईच्या प्रतीवरून चालतं आणि गर्भाची वाढ आवरतं. ते नसेल तर पिल्लू सुमारे 30 टक्के मोठं जन्मतं. 2014 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांना हेच जनुक गाभण आणि दूध पाजणाऱ्या उंदरीच्या स्तनग्रंथीत सापडलं, आणि तिथे ते पिल्लांचं पोषण वाढवत होतं. पिल्लाची मागणी आणि आईचा पुरवठा, दोन्हींवर एकाच जनुकाचा हात. इथे संघर्षापेक्षा जुळवून घेणंच जास्त दिसतं.

2013 मध्ये या यादीत वयात येण्याची वेळही आली. एमकेआरएन-3 हे जनुक मेंदूत पौगंडावस्थेला लगाम घालतं आणि फक्त वडिलांकडून आलेली प्रत चालते. ती बिघडली, तर मुली आठ आणि मुलगे नऊ वर्षांच्या आधीच वयात येऊ लागतात. अशा मुलीच्या तपासणीत आईची पाळी कधी सुरू झाली हे विचारायची पद्धत आहे, पण या कुटुंबांत तेवढ्याने काही हाती लागत नाही. वडील स्वतः वेळेवर वयात आलेले असू शकतात, कारण त्यांना तो दोष त्यांच्या आईकडून मिळालेला असतो. म्हणून इतिहास घेताना वडिलांची भावंडं, आजी, आणि आजीच्या माहेरची माणसं यांच्याबद्दलही विचारावं लागतं.