पावणीपासून देणगी कुपनापर्यंत

चतुर्थी जवळ आली की गोव्यात मंडळांचे कार्यकर्ते देणगी कुपनांची पुस्तकं घेऊन दारोदार, दुकानोदुकानी फिरू लागतात. कुपनावर मोटारीचं चित्र, बक्षिसांची यादी, सोडतीची तारीख. लोक गणपतीसाठी देतात की मोटारीसाठी, हा वाद दरवर्षी होतो. मला तो अपुरा वाटतो, कारण देणाऱ्याच्या हातात काहीतरी ठेवून देणगी मागण्याची रीत इथे फार जुनी आहे.

'लिलाव' हा मराठी शब्दच पोर्तुगीज भाषेतून आला. गोव्यात मात्र आपण पावणी म्हणतो. देवाला वाहिलेला नारळ, केळीचा घड किंवा साडी उत्सवात पुकारली जाते, 'एक वार, दोन वार' होतं आणि साधा नारळ बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातो. घेणाऱ्याला नारळाची किंमत ठाऊक असते. तो पैसे मोजतो ते सगळ्या गावासमोर घराण्याचं नाव पुकारलं जाण्यासाठी, शेजारच्या वाड्याने बोली वाढवली म्हणून, आणि प्रसाद घरी न्यायला मिळतो म्हणून. कुणी कुणापुढे हात पसरत नाही. मागणाऱ्याचाही मान राहतो, ही पावणीची मोठी ताकद.

ख्रिस्ती समाजात वेगळा आधार होता. लिस्बनला १४९८ साली स्थापन झालेल्या 'मिझेरिकॉर्दिया' या दयाधर्माच्या बंधुसंघाची शाखा सोळाव्या शतकातच गोव्यात आली. रुग्ण, कैदी, अनाथ मुली यांची कामं ती पाही. तिच्या पैशाचा एक मोठा स्रोत म्हणजे मृत्युपत्रं. मागे राहणाऱ्यांनी आत्म्यासाठी प्रार्थना करावी आणि गरिबांना मदत मिळावी, म्हणून माणसं मालमत्तेचा वाटा लिहून ठेवत.

दिलेल्या पैशाचं होतं काय, हा प्रश्न देवळांतही होताच. पोर्तुगीज सरकारने १९३३ साली देवस्थानांसाठी नियमावली केली, तिच्या चौकटीत महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत हक्कदारांच्या, समित्यांवर आजही मामलेदाराची देखरेख असते.

माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत सुंदर पान मुंबईतल्या गोवेकरांनी लिहिलं. १९१९ साली तिथे 'दि गोवा हिंदू असोसिएशन' स्थापन झाली. पुढे तिच्या कलाविभागाने 'मत्स्यगंधा', 'नटसम्राट' अशी नाटकं रंगभूमीवर आणली. प्रेक्षक तिकीट काढत होता ते उत्तम नाटकासाठी, आणि त्याच्या नकळत सामाजिक कामाला हातभार लागत होता. फोंड्याजवळ बांदिवड्याचं 'स्नेहमंदिर' हा वृद्धाश्रम याच संस्थेचा. दया वाटावी म्हणून कुणाचं दुःख मांडावं लागलं नाही, आणि देणाऱ्यालाही आपण उपकार केल्यासारखं वाटलं नाही.

आता फोनवर आवाहनं येतात: इस्पितळातल्या खाटेवरचं मूल, नळ्या, आईचे डोळे, खाली क्यूआर कोड. पैसे जमतात, कित्येकदा जीवही वाचतो, म्हणून मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण त्या मुलाचा चेहरा असा हजारो फोनांवर फिरावा, हे मला बोचतं. आमच्या गावात असा संदेश आला की पहिला प्रश्न असतो, 'कोणाचा हा? ओळखीचा आहे?' वाड्यावरच्या कुणीतरी 'हो, अमक्याचा भाचा' म्हटलं की मगच पैसे निघतात.