रक्त थांबवणारा झाडपाला (कोल्हापूर)

जखमेतून, नाकातून, मूळव्याधीतून किंवा अंगावरून जाणारं रक्त थांबावं म्हणून झाडपालावाले ज्या साली, कळ्या, गोंद देतात तो हा माल. कोल्हापुरात काष्ठौषधीच्या दुकानात, नाहीतर लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात पोतं अंथरून बसलेल्यांकडे मिळतो. लोध्राची साल, अशोकाची साल, काटेसावरीचा डिंक म्हणजे मोचरस, रक्ती आवेसाठी कुड्याची साल, मूळव्याधीला नागकेशर. यातलं बरंचसं चवीला तुरट असतं आणि बरंचसं काम पण तिथंच आहे, सालीतलं टॅनिन जखमेवरची प्रथिनं आकसवतं त्यामुळं बारीक रक्तवाहिन्यांचं वाहणं कमी होतं. मोठी नस तुटली असेल तर याचा काही उपयोग नाही, तिथं कापड दाबून धरायचं आणि थेट दवाखाना.

बिनपैशाचं औषध म्हणजे एकदांडी, काहीजण दगडीपाला म्हणतात. मूळची अमेरिकेतली पण आता प्रत्येक बांधावर आहे. उसाच्या पात्यानं हात चिरला की चार पानं तळहातावर चोळायची, हिरवा रस चिरेवर पिळायचा, चरचरतं पण थोड्या वेळात रक्त धरतं. घोळणा फुटला की दूर्वांचा रस नाकात सोडायची पद्धत पण जुनीच.

खरी काळजी फसवणुकीची आहे. सीतेचा अशोक, ज्याला केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात तो, आता जंगलात कमी झालाय, म्हणून सोसायटीच्या कंपाऊंडला लावतात त्या उंच सरळ खोट्या अशोकाची साल त्याच्या नावावर खपते. अंगावरून जास्त जातं म्हणून बायका ती महिनोन् महिने दुधात उकळून घेतात, लाजेपोटी कुणाला सांगत नाहीत, आणि आत गर्भाशयात गाठ असेल तर ती तशीच वाढत राहते. म्हणून आधी सोनोग्राफी, मग साल, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच आहे. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय यातलं काही घेऊच नये.

नागकेशरात पण तसंच. खरा माल म्हणजे फुलातले पिवळसर पुंकेसर, पण पुडीत बऱ्याचदा देठासकट गोल तांबूस कळ्या निघतात, त्या घाटाखालच्या सुरंगीच्या, तिकडं जिचे गजरे करतात तीच.