कृष्णाकाठची क्षारपड रानं आणि जिप्समचा घोळ

खाणींच्या गाळतळ्यांत, म्हणजे खनिज काढून उरलेला गाळ साठवतात त्या तळ्यांत, सल्फेट हा गंधकाचा क्षार येतो तो मुख्यतः पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजातून. या खनिजाला हवा-पाणी मिळालं की आम्ल आणि सल्फेट दोन्ही सुटतात. सांगलीकडे बेसाल्टात, म्हणजे इथल्या काळ्या कातळात, पायराइट नगण्य, पायराइटवाल्या धातूंच्या खाणीही नाहीत. तरी मिरज, वाळवा, पलूसच्या क्षारपड रानांत क्लोराइडच्या जोडीला सल्फेट सापडतो. तो थोडाफार खडकाच्या झिजेतून, काही नदी-विहिरीच्या पाण्यातून आणि काही खतांतून येतो. सिंगल सुपर फॉस्फेटच्या पोत्यात निम्म्याच्या आसपास कॅल्शियम सल्फेटच असतं.

1860 च्या दशकात कराडजवळ खोडशीला बंधारा झाला आणि कालव्याचं पाणी खाली वाळवा-तासगावकडे आलं. पुढे पुणे जिल्ह्यात 1885 च्या नीरा डाव्या कालव्याखाली जमिनी पाणथळ होऊन बिघडल्या. हा धडा समोर होता. तरी उपसा सिंचन वाढलं, ऊस बारमाही झाला आणि निचऱ्याचा विचार मागेच राहिला. काळ्या मातीत पाणी मुरतं सावकाश. भूजल वर आलं की क्षारही वर येतात. उन्हाळ्यात अशा रानात पाय ठेवला की पांढरा थर भुसभुशीत दबतो. सोडियम सल्फेटचे स्फटिक वाढताना माती फुगवतात, म्हणून ही फुसफुस.

खरा वाद उपायाचा. क्षार वाढले की सरसकट जिप्सम टाका, असा सल्ला वर्षानुवर्षं दिला गेला, अनुदानही त्यावर मिळालं. पण जिप्सम म्हणजे स्वतःच कॅल्शियम सल्फेट. त्याची खरी गरज चोपण जमिनीला, जिथे सामू (पीएच) 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, 15 टक्क्यांहून जास्त असतो. तिथे कॅल्शियम मातीच्या कणावरचा सोडियम हटवतो आणि त्याचं सोडियम सल्फेट होतं. ते पाण्याबरोबर बाहेर गेलं, तरच जमीन सुधारते. चर नाही, पाइप नाही, ओढा गाळाने भरलेला. अशा रानात ते तिथेच राहतं आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येतं. ज्या रानात नुसते क्षार आहेत, सोडियमचा जोर नाही, तिथे तर निचरा करून गोड्या पाण्याने धुणं हाच मुख्य उपाय; पोती ओतून शेतकऱ्याचे पैसे जातात. माती परीक्षणाआधी पोती वाटणं चूकच होतं, असं मला स्पष्ट वाटतं.

अलीकडे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकायची कामं वाढली. मीटरभर खोल चर, त्यात जाळी गुंडाळलेला पाइप, शेवटी मुख्य नळ. पण एकट्याने हे जमत नाही, कारण पाणी शेजाऱ्याच्या बांधाखालून ओढ्यापर्यंत न्यावं लागतं. आणि ओढ्यात पडलेलं ते खारं पाणी पुढे नदीला मिळतं, तिथून खालचं गाव ते उपसून उसाला देतं. या टोकाच्या पाण्यातला सल्फेट, क्लोराइड आणि सोडियम किती, याची हंगामवार तपासणी निचऱ्याच्या प्रत्येक कामाच्या खर्चातच धरायला हवी.