मूत्राशयाचा 'पेसमेकर' आणि त्याच्या दुरुस्त्या

लघवी आवरत नाही, किंवा उतरतच नाही, अशा काही रुग्णांच्या त्रिकास्थीतल्या (कण्याच्या तळाच्या हाडातल्या) तिसऱ्या छिद्रातून बारीक वायर घालून तिथल्या मज्जातंतूला सौम्य विद्युतस्पंदनं देतात. सॅन फ्रान्सिस्कोत एमिल टॅनागो आणि रिचर्ड श्मिट यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे माणसांत करून पाहिलं. अमेरिकेच्या एफडीएची (औषधं-उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची) मान्यता मिळाली ती १९९७मध्ये. पुढचा इतिहास बराचसा दुरुस्त्यांचाच आहे.

सुरुवातीला पाठीवर मोठी चीर देऊन वायर हाडालगत टाक्यांनी पक्की करत आणि कातडीखालून पुढे आणून स्पंदनं देणारा बॅटरीचा डबा ओटीपोटात बसवत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३३ टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती. डब्याच्या जागी दुखतं ही तक्रार १५ टक्क्यांची, वायर सरकल्याची शंका ८ टक्क्यांत, जंतुसंसर्ग ६ टक्क्यांत. आकडा लहान असला तरी संसर्गच सगळ्यांत महागात पडतो, कारण तो खोल गेला की डबा-वायर सगळंच काढावं लागतं.

डबा नितंबाच्या वरच्या भागात गेला, तशी दुखण्याची तक्रार घटली. २००२च्या सुमारास इटलीच्या मिकेले स्पिनेल्ली यांनी काटेरी वायर वापरात आणली. सुईच्या छिद्रातून ती आत जाते, काटे उलगडून मांसात रुततात. टाके नकोत, मोठी चीर नको. स्पंदन देऊन पाहताना पायाचा अंगठा तळव्याकडे वाकला आणि गुदद्वाराभोवतीचे स्नायू वर खेचले गेले की जागा बरोबर लागली. पण जे काटे वायर धरून ठेवतात तेच काढताना अडतात. जोर लावला तर वायर तुटते, टोक आत राहतं आणि पुढे एमआरआयच्या वेळी प्रश्न उभा राहतो.

म्हणून आता हात घालण्याआधी तपासणी. परिणाम ओसरला की आधी प्रोग्रामिंग, म्हणजे स्पंदनांची मांडणी, बदलून बघतात. मग वायरचा विद्युतरोध मोजतात: ४,००० ओहमच्या वर गेला तर वायर तुटल्याचा संशय, फारच कमी असला तर शॉर्टसर्किटचा. त्यानंतर एक्स-रे, तोही शस्त्रक्रियेच्या वेळच्या फिल्मशेजारी ठेवून. ती जुनी फिल्म हाताशी नसेल तर वायर सरकली की नाही हे ठरवणं निव्वळ अंदाजाचं काम होतं.

बॅटरी संपली की पुन्हा चीर, हा त्रास टाळायला २०१९मध्ये १५ वर्षं चालेल अशी चार्जिंगची बॅटरी आली. डबा खोल गेला किंवा तिरपा झाला की ती चार्ज होईना, हे नवं दुखणं. २०२२मध्ये कंपन्यांनी पुन्हा चार्जिंग न लागणारे, जास्त टिकणारे डबे बाजारात आणले.